डर्क नोवित्स्की: २००७ ची हार, २०११ चं विजेतेपद आणि मधली चार वर्षं

१५ मे २००७ रोजी डॅलसमध्ये डर्क नोवित्स्कीला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, त्या हंगामातला एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) म्हणून गौरवण्यात आलं. युरोपात घडलेल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याचा संघ मात्र बारा दिवस आधीच घरी बसला होता. साखळीत ८२ पैकी ६७ सामने जिंकलेले डॅलस मॅव्हरिक्स प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद टप्प्याच्या, पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ४-२ असे हरले. ३ मेच्या शेवटच्या सामन्यात नोवित्स्कीने १३ शॉट घेतले, २ आत गेले आणि गुण झाले अवघे ८.

नोवित्स्कीच्या कारकिर्दीची यादी लांबलचक आहे. एकाच संघाकडून २१ हंगाम, ३१,५६० गुण, एक एमव्हीपी, एक विजेतेपद, हॉल ऑफ फेम. या यादीत २००७ च्या त्या सहा सामन्यांना जागा नसते. आमच्या मते मात्र सगळ्यात महत्त्वाचा टप्पा तोच. त्या मालिकेत त्याच्या खेळातली एक नेमकी उणीव उघडी पडली, आणि ती त्याने ज्या पद्धतीने भरून काढली त्यातूनच चार वर्षांनी विजेतेपद आलं.

वूर्झबर्गचा शॉट

नोवित्स्कीचा जन्म १९ जून १९७८ चा, जर्मनीतल्या वूर्झबर्गचा. घर खेळाडूंचं: आई बास्केटबॉलची राष्ट्रीय खेळाडू, वडील हँडबॉलवाले. तो स्वतः आधी हँडबॉल आणि टेनिस खेळला. किशोरवयात त्याच्यावर होल्गर गेश्विंडनर यांची नजर पडली. गेश्विंडनर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले, आणि गणित-भौतिकशास्त्राच्या अंगाने विचार करणारे. त्यांनी शॉटचा प्रश्न कागदावर मांडला.

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. रिंगचा आतला व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, बॉलचा साधारण २४. बॉल सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरचं तोंड मिळतं, पण तिरका आला की तोंड अरुंद होत जातं. ४५ अंशांत आलेल्या बॉलला जेमतेम ३२ सेंटिमीटर मिळतात, ५५ अंशांत ३७ च्या आसपास. ३२ अंशांच्या खाली आला तर रिंगला न घासता तो आत जाणंच शक्य नाही. म्हणून कमान उंच हवी. उंच कमानीची किंमतही असते: बॉल जास्त वर न्यायला पायांतून जास्त जोर लागतो, आणि पाय थकले की शॉट तोकडा पडतो. नोवित्स्कीची उंची २१३ सेंटिमीटर. त्याच्या हातातून बॉल सुटायचा तोच जवळजवळ रिंगच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या पातळीवर. त्यामुळे सुटतानाचा कोन आणि रिंगमध्ये शिरतानाचा कोन जवळपास सारखाच राहायचा. बुटक्या खेळाडूला ही सोय नसते. त्याने सोडलेला बॉल शिरताना थोडा सपाट झालेला असतो.

हाताचंही तसंच. बोटं पूर्ण फाकवायची आणि शेवटचा स्पर्श तर्जनी-मधल्या बोटाचा ठेवायचा, म्हणजे बॉल बाजूला वळत नाही. २१३ सेंटिमीटरच्या मुलाला रिंगखाली उभा न करता गेश्विंडनर यांनी त्याला गार्डसारखं, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूसारखं, ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) आणि लांबून शॉट शिकवले. त्या काळात हे धाडसच होतं.

२९ मार्च १९९८ रोजी सॅन अँटोनियोत जगभरातल्या तरुण खेळाडूंचा संघ अमेरिकेच्या शाळकरी स्टार्सविरुद्ध खेळला. दुसऱ्या श्रेणीच्या जर्मन क्लबातून आलेल्या या मुलाने ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) काढले. जूनमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलसला दिलं. बदल्यात डॅलसने सहाव्या क्रमांकावर निवडलेला रॉबर्ट ट्रेलर मिलवॉकीकडे गेला. त्याच दिवशी डॅलसने फिनिक्सकडून स्टीव्ह नॅशलाही आणलं.

पहिला हंगाम फसला. कामबंदीमुळे तो फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाला आणि ५० सामन्यांचाच झाला. सरावाला वेळ नाही, शरीर अमेरिकी ताकदीला सरावलेलं नाही. सरासरी ८.२ गुण, तीन गुणांचे शॉट फक्त २०.६ टक्के. दुसऱ्या वर्षी सरासरी १७.५ वर गेली, तिसऱ्या वर्षी २१.८. प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी त्याला बाकावर ठेवलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. २००२ च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीला कांस्यपदक मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू नोवित्स्की ठरला. २००५ च्या युरोबास्केटमध्ये जर्मनीला रौप्य मिळालं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा त्यालाच. त्या जर्मन संघात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता, हे लक्षात घेतलं की या दोन पदकांचं वजन कळतं.

२००६: हातातोंडाशी आलेला घास

२००६ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने गतविजेत्या सॅन अँटोनियोला सातव्या सामन्यात, त्यांच्याच मैदानावर, ओव्हरटाइममध्ये हरवलं. शेवटची २१ सेकंदं उरली असताना तीन गुणांनी मागे असलेल्या संघासाठी नोवित्स्की रिंगकडे घुसला, बास्केट केली, फाउल मिळवला आणि फ्री थ्रोही (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) घातला. पुढच्या फेरीत फिनिक्सविरुद्ध एका सामन्यात ५० गुण. अंतिम फेरीत मायामी हीटविरुद्ध डॅलस २-० पुढे होतं, आणि तिसऱ्या सामन्यात अखेरच्या क्वार्टरमध्ये १३ गुणांची आघाडीही होती. ती गेली. शेवटच्या ३.४ सेकंदांत बरोबरी साधायला दोन फ्री थ्रो मिळाले, त्यातला दुसरा नोवित्स्कीकडून चुकला. डॅलसने पुढचे तीनही सामने गमावले आणि करंडक मायामीला गेला. पाचव्या सामन्यात मायामीच्या एकट्या ड्वेन वेडने २५ फ्री थ्रो घेतले, संपूर्ण डॅलस संघाने मिळून तेवढेच. पंचगिरीवर तेव्हा खूप बोललं गेलं, आणि ते विनाकारण नव्हतं. तरी १३ गुणांची आघाडी पंचांनी घालवली असं म्हणता येणार नाही.

वॉरियर्सनी नेमकं काय केलं

२००६-०७ मध्ये नोवित्स्कीने सरासरी २४.६ गुण केले. मैदानी शॉट ५०.२ टक्के, तीन गुणांचे ४१.६, फ्री थ्रो ९०.४. हे तिन्ही आकडे अनुक्रमे ५०, ४० आणि ९० च्या वर एकाच हंगामात नेणारे खेळाडू फार थोडे आहेत. वॉरियर्सविरुद्ध मात्र त्याचे मैदानी शॉट ३८.३ टक्क्यांवर आले.

समोरचे प्रशिक्षक होते डॉन नेल्सन, म्हणजे ज्यांनी त्याला घडवलं तेच. त्याचं कुठे दुखतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तोपर्यंत नोवित्स्कीची मुख्य जागा होती रिंगकडे तोंड करून, फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यात किंवा त्याहून बाहेर. बॉल घ्यायचा, समोरच्या मोठ्या बचावपटूला एका ड्रिबलने हलवायचं, वरून शॉट मारायचा. मोठे बचावपटू इतक्या लांब येऊन त्याला रोखू शकत नसत.

नेल्सन यांनी मोठा माणूस लावलाच नाही. स्टीफन जॅक्सन, मॅट बार्न्स असे दोन मीटरच्या आसपासचे, चपळ आणि अंगावर जाणारे खेळाडू लावले. ते त्याच्या छातीला छाती भिडवून, खाली वाकून उभे राहत. बॉल हातात येण्याआधीच त्याला धक्क्याने दोन पावलं बाहेर ढकलत. बॉल आला तरी ड्रिबल करायची सोय नाही, कारण खाली हात घातलेला बुटका खेळाडू पहिल्याच टप्प्यावर बॉल उडवायचा. आणि त्याने ड्रिबल टाकलाच, तर बाजूने दुसरा बचावपटू धावून यायचा. रिंगकडे तोंड करून कडेला उभ्या असलेल्या माणसाला हा दुसरा बचावपटू उशिरा दिसतो, पास द्यायला एकच बाजू मोकळी असते आणि तिथे हात आधीच आडवे असतात.

साधं उत्तर असं की बुटक्याला पाठीवर घे आणि रिंगच्या जवळ जा. पण पाठ करून खेळण्याचा भरवशाचा शॉट त्याच्याकडे तेव्हा नव्हता. होता तो तुटक, कधीमधी वापरला जाणारा. उणीव ती हीच.

प्रशिक्षक एव्हरी जॉन्सन यांचंही चुकलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी आपला उंच सेंटर बाहेर ठेवून वॉरियर्ससारखा छोटा संघ उतरवला. ६७ सामने जिंकून देणारी रचना आठव्या मानांकनाच्या संघाला घाबरून मोडली. साखळीत वॉरियर्सनी डॅलसला तिन्ही वेळा हरवलं होतं, त्या धास्तीचा हा परिणाम. मालिका संपल्यावर नोवित्स्कीने रागाच्या भरात ओकलंडच्या मैदानातल्या बोळाच्या भिंतीला वर भोक पाडलं. यजमानांनी ते बुजवलं नाही, काच लावून जपलं आणि पुढे त्याची त्यावर सहीसुद्धा घेतली.

एका पायावरचा फेडअवे

त्या उन्हाळ्यात तो गेश्विंडनर यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियात काही आठवडे भटकला. परतल्यावर पुढच्या काही हंगामांत दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, बॉल घ्यायची जागा. तो कडेहून मध्यावर सरकला: फ्री थ्रो रेषेचा मधला बिंदू, ज्याला खेळाडू ‘नेल’ म्हणतात, किंवा त्याच्या एक-दोन पावलं बाजूला. या बिंदूवरून मैदानाचे दोन्ही भाग सारखे दिसतात. दुसरा बचावपटू कुठूनही आला तरी तो दिसतो, आणि ज्याला सोडून तो आला त्याच्याकडे पास एका हाताच्या अंतरावर असतो. डबल टीमची (दोघांनी मिळून घेरण्याची) शिक्षा तिथल्या तिथे मिळू लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे तो फेडअवे, मागे जात मारलेला शॉट. रिंगकडे पाठ करून बॉल घ्यायचा, खांद्याने समोरच्याचा दाब कुठे आहे ते जोखायचं. डाव्या पायावर भार देऊन वळायचं, उजवा गुडघा वर उचलायचा आणि त्या एका पायाने मागे व वर रेटा देऊन बॉल सोडायचा. उचललेला गुडघा दोघांमध्ये जागा राखतो. बचावपटूला सवय असते दोन्ही पायांवर दबून मग उडी मारणाऱ्याची. तो दबण्याचा क्षण बघून हात वर जातो. इथे तो क्षणच नाही. हात वर जाईपर्यंत बॉल सुटलेला असतो, आणि सुटतो तोही तीन मीटर उंचीवरून. बुटक्या बचावपटूचा खाली हात घालण्याचा डाव इथे निरुपयोगी ठरतो, कारण ड्रिबलची गरजच उरत नाही. शिवाय या शॉटला वेगवान पाय लागत नाहीत. तिशी ओलांडणाऱ्या खेळाडूसाठी हे फार मोलाचं.

संघही बदलला. फेब्रुवारी २००८ मध्ये जेसन किड आला, त्याच वर्षी रिक कार्लाइल प्रशिक्षक झाले, २०१० च्या जुलैत उंच सेंटर टायसन चँडलर आला. चँडलर आल्याने रिंग राखायचं काम नोवित्स्कीच्या डोक्यावरून उतरलं. आमच्या मते विजेतेपदाची सगळ्यात मोठी खरेदी हीच होती. इतकी वर्षं डॅलसकडे गुण करणारे भरपूर होते, बचावाचा कणा नव्हता.

२०११

हंगाम सुरळीत नव्हता. डिसेंबरअखेर नोवित्स्कीचा गुडघा दुखावला, तो ९ सामने बाहेर बसला आणि संघाने त्यातले ७ गमावले. १ जानेवारीला संघाचा दुसरा महत्त्वाचा स्कोअरर कॅरन बटलर गुडघ्याच्या दुखापतीने उरलेल्या हंगामाला मुकला. तरी ५७ विजय झाले.

पहिल्या फेरीत पोर्टलंडविरुद्धच्या चौथ्या सामन्यात २३ गुणांची आघाडी घालवून संघ हरला. जुना आजार परतला असं सगळ्यांनी म्हटलं. पुढचे दोन्ही सामने जिंकून त्यांनी मालिका घेतली. मग गतविजेत्या लेकर्सना ४-० असं धुतलं. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्या सामन्यात नोवित्स्कीने ४८ गुण केले: १५ पैकी १२ मैदानी शॉट आणि २४ पैकी २४ फ्री थ्रो. चौथ्या सामन्यात पाच मिनिटं उरली असताना संघ १५ गुणांनी मागे होता. ती पिछाडी भरून ओव्हरटाइममध्ये ११२-१०५ असा विजय, नोवित्स्कीचे ४०.

अंतिम फेरीत पुन्हा मायामी. आता वेडच्या जोडीला लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश. पहिला सामना हरलाच, वर नोवित्स्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना मायामी ८८-७३ असं पुढे होतं. तिथून डॅलसने २२-५ अशी मुसंडी मारली. शेवटचे ९ गुण एकट्या नोवित्स्कीचे. ९३-९३ अशा बरोबरीत, अंगावर बॉश असताना, त्याने वळून रिंग गाठली आणि ३.६ सेकंद उरली असताना डाव्या हाताने, पट्टी बांधलेल्या त्याच हाताने, लेअप (रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट) घातला. २००७ मध्ये रिंगपासून लांब ढकलल्या गेलेल्या खेळाडूचा हा बदल तिथे लख्ख दिसला.

तिसरा सामना डॅलसने ८८-८६ असा गमावला. चौथ्यात त्याला ताप होता, तरी २१ गुण, ११ रिबाउंड आणि ८६-८३ असा विजय. याच सामन्यात कार्लाइल यांनी चपळ जे. जे. बरेयाला सुरुवातीच्या पाचात घेतलं. डॅलसचा शॉन मॅरियन आणि अधूनमधून लावलेला झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणारा) यांनी लेब्रॉनला त्या सामन्यात ८ गुणांवर रोखलं. पाचवाही ११२-१०३ असा जिंकला.

१२ जूनच्या सहाव्या सामन्यात नोवित्स्कीचा पूर्वार्ध दारुण होता, १२ पैकी १ शॉट. सहकारी जेसन टेरीने २७ गुण करून संघ तगवला. उत्तरार्धात नोवित्स्की त्याच जागांवरून, तेच शॉट घेत राहिला आणि अखेरच्या क्वार्टरमध्ये १० गुण करून गेला. १०५-९५. शॉट चुकत असतानाही जागा बदलू नये, हे दाखवायला इतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. अंतिम फेरीत त्याचे ४६ पैकी ४५ फ्री थ्रो आत गेले. फायनल्स एमव्हीपी अर्थातच तो.

नंतर

विजेता संघ टिकवला गेला नाही. डॅलसच्या व्यवस्थापनाने लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी ठेवून मोठा खेळाडू आणायचं ठरवलं, चँडलर आणि बरेया गेले, मोठा खेळाडू आलाच नाही. नोवित्स्की असेपर्यंत डॅलसने पुन्हा प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. ३३ वर्षांच्या खेळाडूच्या उरलेल्या चांगल्या वर्षांची ही उधळपट्टी होती, आणि तिचं समर्थन करणं अवघड आहे. त्याने मात्र २०१४ मध्ये इतर संघांचे पूर्ण पगाराचे प्रस्ताव नाकारून डॅलसशी ३ वर्षांचा २.५ कोटी डॉलरचा करार केला. २०१७ मध्ये पुन्हा स्वतःहून पगार कमी केला, वर्षाला ५० लाख डॉलर.

७ मार्च २०१७ रोजी लेकर्सविरुद्ध त्याने ३०,००० गुण पूर्ण केले. असा तो सहावा खेळाडू, आणि अमेरिकेबाहेरचा पहिला. तो गुण आला बेसलाइनवरच्या (रिंगमागच्या रेषेलगतच्या) फेडअवेने. मार्च २०१९ मध्ये त्याने विल्ट चेंबरलेनचे ३१,४१९ गुण ओलांडले, आणि एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोत, जिथून अमेरिकेला त्याचं नाव कळलं त्याच शहरात, शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला. जानेवारी २०२२ मध्ये डॅलसने त्याची ४१ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हा शॉट शिकवताना

आज हा फेडअवे उंच-बुटके सगळेच मारतात, आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या मैदानांवरही मुलं त्याची नक्कल करताना दिसतात. बहुतेकांचा तो फसतो, आणि कारणं ठरलेली असतात.

मुलं कमरेतून मागे वाकतात. झोक कमरेचा नसतो, तो टेकलेल्या पायाच्या रेट्याचा असतो. धड बऱ्यापैकी ताठच राहतं. कमरेतून वाकलं की खांदे मागे जातात आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. दुसरी चूक गुडघ्याची: तो वर उचलायचा असतो, समोरच्याच्या अंगात घुसवायचा नसतो. घुसवला तर आक्रमकाचाच फाउल. तिसरी, पिव्हट पाय (ज्यावर वळतो तो टेकलेला पाय) उचलल्यावर तो परत जमिनीला लागायच्या आत बॉल सुटलाच पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हल, म्हणजे बॉल हातात घेऊन चालल्याची चूक. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सपाट कमान, कारण मागे जाताना अंतर वाढतं आणि मुलं ते हाताच्या जोराने भरून काढायला बघतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी रिंगपासून दीड-दोन मीटरवर, बचावपटूशिवाय, जागच्या जागी एका पायावर उभं राहून उंच कमानीचे शॉट. ते बसले की वळण, पण मागे न जाता. मग थोडा रेटा. मग समोर हात वर करून नुसता उभा राहिलेला माणूस. शेवटी खरा बचाव. चार-साडेचार मीटरवर जायची घाई करू नये. ज्याचा साधा फ्री थ्रो अजून दहापैकी सात-आठ वेळा आत जात नाही, त्याला हा शॉट शिकवायलाच घेऊ नये.